भूक, मेद आणि देहाचा जमाखर्च
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर आणि भोजनापूर्वी एक व्याख्यान ठेवावे, ही आपल्या संमेलनाची जुनी प्रथा आहे. वक्त्याच्या दृष्टीने हा तास मोठा अवघड. मागच्या बाजूने फोडणीचा वास येऊ लागला की श्रोत्यांचे निम्मे लक्ष तिकडे जाते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. चिटणीसांनी मला ‘आहार व आरोग्य’ हा विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, काय खावे आणि काय वर्ज्य करावे हे सांगणारे आज घरोघरी आहेत. त्यांत माझी भर नको. तो फोडणीचा वास ज्या भुकेला जागे करतो तिच्याविषयीच मला बोलू द्या. शरीरक्रियाशास्त्र हा विषय मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकविला. परंतु त्या काळात माझ्या विषयातील जेवढे बदलले, त्यात भुकेसंबंधीच्या ज्ञानाइतके मुळापासून बदललेले फारच थोडे असेल.

आपल्या ज्ञातीत पेढी आणि दुकान पिढ्यानपिढ्या चालत आले. तेव्हा हिशोबापासूनच आरंभ करतो. साधारण प्रौढ मनुष्य दिवसाला सुमारे २,२०० उष्मांकांचे अन्न खातो असे धरा. वर्षाची बेरीज आठ लाखांच्या वर जाते. आता या जमेच्या बाजूला शेकडा एक एवढीच चूक झाली, म्हणजे रोज बावीस उष्मांक, पोळीचा जेमतेम चतकोर, अधिक पोटात गेला, तर वर्षाला आठ हजार उष्मांक शिल्लक पडतील. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठतात. म्हणजे वर्षाला एक किलो आणि तीस वर्षांत तीस किलो! प्रत्यक्षात देहाचा हिशोब इतका सरळ चालत नाही, कारण वजन वाढले की खर्चही वाढतो. तथापि प्रश्न उरतोच. आपण जेवताना कोणी तराजू घेऊन बसत नाही. सणावारी चार घास अधिक जातात, आजारात दोन दिवस पेजेवर निघतात. आणि तरीही असंख्य माणसांचे वजन वर्षानुवर्षे थोड्याच फरकाने तेथल्या तेथे राहते. ज्या पेढीत मालकाला शेकडा एकाच्या चुकीचा पत्ता लागत नाही, तेथे कोणी तरी जागरूक मुनीम बसलेला असला पाहिजे. तो मुनीम कोण आणि तो कोणाचे ऐकतो, हा आजचा विषय.

देहाला खर्च असतो हेच प्रथम सिद्ध व्हावे लागले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिये आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले, आणि त्याने सोडलेल्या वायूशी त्याचा मेळ घातला. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हे त्यातून निघाले. पुढे अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली बांधून हाच हिशोब माणसावर केला. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या ग्रॅमला चार आणि स्निग्धाला नऊ उष्मांक, हे जे आकडे आज बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले असतात, ते त्यांचेच. खर्चाचे गणित असे जुळले. परंतु जमाखर्च जुळविणारा मुनीम मात्र दिसेना.

पहिला संशय साहजिकच जठरावर गेला. १९१२ साली हार्वर्डच्या कॅनन यांच्यासाठी वॉशबर्न नावाच्या त्यांच्या शिष्याने रबरी फुगा गिळण्याचा सराव केला. फुग्याला जोडलेल्या नळीवरून जठराची हालचाल कागदावर उमटे, आणि भुकेची कळ आली की वॉशबर्न कळ दाबून खूण करी. कळ आणि आकुंचन यांची वेळ जुळली. ‘पोटात कावळे ओरडणे’ या आपल्या वाक्प्रचाराला शास्त्राचा आधार मिळाला म्हणावयाचा! परंतु ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागले अशांनाही भूक लागते, हे वैद्यांना दिसत होते. कावळे ओरडतात हे खरे. त्यांना उडविणारा वेगळा आहे.

तो मेंदूत सापडला. मेंदूच्या तळाशी, बदामाएवढा, अधश्चेतक नावाचा भाग आहे. इंग्रजीत त्यास हायपोथॅलॅमस म्हणतात. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या या भागातील मध्यवर्ती जागा नष्ट केली, तो ते उंदीर भयंकर लठ्ठ झाले. १९५१ साली याच्या उलट शोध लागला, आणि तो लावणाऱ्यांत आपल्या देशाचा एक मनुष्य होता. बाळकृष्ण आनंद हे येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्याबरोबर काम करीत होते. अधश्चेतकाच्या दोन्ही बाजूंकडील एक लहानसा ठिपका नष्ट केला की उंदीर खाणेच सोडतो, समोर अन्नाची रास असून उपाशी मरतो, असे त्यांनी दाखविले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जाता जाता सांगतो : याच गृहस्थांनी १९६१ साली एका योग्याला हवाबंद पेटीत बसवून त्याचा प्राणवायूचा खर्च मोजला, आणि तो स्वस्थ पडून राहण्यास लागणाऱ्या खर्चाच्याही खाली गेल्याची नोंद केली. असो. ‘एक भुकेचे केंद्र आणि एक तृप्तीचे केंद्र’ ही त्या काळची सुटसुटीत मांडणी आज तशीच्या तशी मान्य नाही. ते ठिपके जाळताना तेथून जाणारे मज्जातंतूही तुटत होते. आज आपणांस ठाऊक आहे की अधश्चेतकाच्या तळाशी दोन जातींच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. एक खाण्यास प्रवृत्त करते, दुसरी आवरते, आणि दोघींचे सख्य असे नाहीच. पहिली दुसरीचे तोंड दाबून धरते.

मुनीम सापडला, पण त्याला तिजोरीतील शिल्लक कळते कशी? मेद तर पोटावर, मांडीवर, चामडीखाली पसरलेला. मुनीम कवटीच्या आत. १९५३ साली केनेडी यांनी तर्क केला की मेदच रक्तातून मेंदूला आपल्या साठ्याचा निरोप धाडीत असावा. १९५९ साली इंग्लंडमध्ये हर्वे यांनी दोन उंदीर कुशीला कूस शिवून एकमेकांस जोडले, म्हणजे त्यांचे रक्त थोडथोडे एकमेकांत जाई, आणि मग त्यातील एकाचे तृप्तीचे केंद्र नष्ट केले. तो खातच सुटला व लठ्ठ झाला. त्याचा जोडीदार मात्र खाणे सोडून रोडावत गेला. लठ्ठाच्या रक्तातून ‘पुष्कळ साठा आहे, पुरे करा’ असा निरोप येत होता. ज्याचा मुनीम बहिरा झाला होता त्याने तो ऐकला नाही आणि धडधाकट शेजाऱ्याने बिचाऱ्याने ऐकला. प्रयोग क्रूर खराच. परंतु इतका बोलका पुरावा शास्त्रात क्वचित मिळतो.

अमेरिकेतील मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली उंदरांच्या पैदाशीत अचानक एक जन्मतः लठ्ठ होणारा वाण आढळला, आणि १९६६ साली आणखी एक. डग्लस कोलमन यांनी हे दोन वाण हर्वेच्याच रीतीने निरनिराळ्या जोड्यांत शिवून पाहिले व अनुमान काढले की पहिल्या वाणात निरोपच तयार होत नाही, आणि दुसऱ्यात निरोप भरपूर, पण तो घेणारे दार बंद आहे. निरोप्या कोण, हे कळण्यास मात्र १९९४ साल उजाडावे लागले. जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये तो जनुक शोधून काढला, आणि मेदपेशींतून रक्तात येणाऱ्या त्या संप्रेरकास पुढील वर्षी ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे कृश. ज्याला आपण अंगावर साचलेला निरुपयोगी गोळा समजत होतो, तो मेद अंतःस्रावी ग्रंथीसारखा बोलणारा निघाला.

आता उंदीर सोडून माणसांकडे येतो. १९९७ साली इंग्लंडमधील वैद्यांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ती एकमेकांची चुलत-मामे नात्यातील भावंडे, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा आणि वजन २९ किलो. जन्मतः दोघांचे वजन सर्वसाधारण होते. जन्मानंतर थोड्याच महिन्यांत भूक अशी जागी झाली की तिला अंत नाही. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. मुलीला लेप्टिनची टोचणी सुरू केल्यावर बारा महिन्यांत तिचे सोळा किलोंहून अधिक वजन उतरले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताटावरची तिची भूक इतर मुलांसारखी झाली. अशी मुलगी आपल्या एखाद्या कार्यात आली असती तर आपण तिला आणि तिच्या आईला काय म्हटले असते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. ‘अधाशी’ हा शब्द आपल्या तोंडी फार लवकर येतो.

येथे एक पोटविषय आहे, तो ज्ञातिसंमेलनात टाळणे बरे नव्हे. त्या कुटुंबात नात्यात लग्ने होत आली होती. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही समजूत महाराष्ट्रात अनेक ज्ञातींत चालत आली आहे, आणि आपणही तिला अपवाद नाही. आते-मामे भावंडांचा विवाह झाल्यास त्यांच्या अपत्यात कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळांत एक इतका असतो. लेप्टिनचा अभाव हा विकार अत्यंत विरळा, तेव्हा त्याची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु दोन्ही बाजूंनी सदोष प्रत आली तरच उमटणारे दुसरे पुष्कळ विकार आहेत. स्थळे पाहताना पत्रिकेतील एकनाडीचा जेवढा विचार होतो, तेवढा या सोळाव्या हिश्श्याचा व्हावयास हरकत नाही.

लेप्टिन सापडले तेव्हा पुष्कळांना वाटले की लठ्ठपणाचे औषध हाती आले. तसे झाले नाही. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट अधिक असते. मुनीम त्या ओरडण्याला सरावलेला असतो. याचे एक कारण असे दिसते की हा निरोप मुळात संपन्नतेचा नव्हेच. लेप्टिन वाढले तर मेंदू फारसे मनावर घेत नाही, आणि घटले तर मात्र घरात आग लागल्यासारखी धावपळ करतो. मानवजातीच्या इतिहासात दुष्काळ नित्याचे आणि अजीर्ण थोड्यांचे. तेव्हा पहारा कोणत्या दाराशी कडक असावा, हे उघड आहे.

हा पहारा किती कडक, हे ज्या प्रयोगाने दाखविले तो मी थोडा विस्ताराने सांगणार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस तरुण निवडले. हे सर्व युद्धविरोधी. शस्त्र धरण्यास त्यांनी सदसद्विवेकबुद्धीने नकार दिला होता, आणि युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसे घालावे हे कळावे म्हणून ते स्वेच्छेने उपाशी राहण्यास तयार झाले. प्रथम बारा आठवडे पोटभर जेवण देऊन त्यांची मोजमापे घेतली. मग चोवीस आठवडे अर्धपोटी : सुमारे १,५७० उष्मांक, बटाटे, सलगमासारखी कंदमुळे, पाव आणि मॅकरोनी, आणि वर आठवड्याला बावीस मैल चालणे. वजन सरासरीने चौथ्या हिश्श्याने उतरले. परंतु नवल वजनाचे नाही. स्वस्थ पडलेल्या देहाचा खर्च सुमारे शेकडा चाळीसने घटला. देह लहान झाला म्हणून खर्च कमी होणारच. पण त्या मानानेही तो अधिक घटला. नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले, कामवासना मावळली. आणि मन? सुशिक्षित, ध्येयनिष्ठ ते तरुण पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. ताटे चाटून पुसून स्वच्छ करीत. तासन्‌तास एकेक घास चघळीत. युद्ध, धर्म, राजकारण यांवर वाद घालणाऱ्यांना अन्नाखेरीज विषय सुचेना. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर त्यांची भूक कित्येक आठवडे भागेना, आणि स्नायू पूर्ववत भरून येण्यापूर्वीच मेद पहिल्या पातळीच्या वर गेला. कीज यांनी हे सारे १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले. मला हे खंड चाळताना राहून राहून वाटे की याच्या एकच वर्ष आधी, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे याच अवस्थेतून गेली आणि मेली. त्यांना तराजूत घालून कोणी पाहिले नाही.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपण उपहासाने म्हणतो. उपहास सोडला तर त्यात शरीरक्रियाशास्त्र आहे. उपासाने वजन उतरले की जठरातून ‘ग्रेलिन’ नावाचा दुसरा निरोप्या अधिक प्रमाणात निघतो. जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी तो १९९९ साली शोधला. तो भूक पेटवितो. इकडे मेद घटल्यामुळे लेप्टिन उतरलेले, तिकडे ग्रेलिन चढलेले, आणि देहाने खर्चाला कात्री लावलेली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची एक जाहीर शर्यत होत असे. तीत भाग घेतलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले तेव्हा बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते, आणि त्यांच्या देहाचा विश्रांतीतील खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे उष्मांकांनी कमीच राहिला होता. ही तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. झपाट्याने बारीक करून देणाऱ्या ज्या जाहिराती आपल्या भगिनी वाचतात, त्यांत सहा वर्षांनंतरचे छायाचित्र कधी छापत नाहीत.

तेव्हा सारे दैवावर सोडावे काय? तसेही नाही. १९९० साली कॅनडात बूशार यांनी जुळ्या भावांच्या बारा जोड्यांना शंभर दिवसांत चौऱ्याऐंशी दिवस रोज एक हजार उष्मांक अधिक खाऊ घातले. कोणाचे वजन चार किलोंनी वाढले, कोणाचे तेरांनी. आणि एका जोडीतील दोघे भाऊ बहुधा सारखेच वाढले. वारसा आहे, हे खरे. पण लक्षात घ्या, अधिक अन्न मिळाल्यावर वजन वाढले सर्वांचेच. आपल्या आजोबांचे जनुक आणि आपले एकच; त्यांच्या वेळी दाराशी तळलेल्या पदार्थांच्या पुड्या टांगलेल्या नव्हत्या, एवढाच फरक.

खर्चाच्या बाजूविषयी एक भ्रम दूर करतो. चाळिशी उलटली की ‘अग्नी मंद होतो’ म्हणून पोट सुटते, अशी आपली समजूत. शरीराच्या एकूण खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग स्वस्थ पडून राहण्यातच जातो. शरीराच्या वजनात शेकडा दोन असणारा मेंदू या विश्रांतीतील खर्चापैकी पाचवा हिस्सा एकटा खातो. २०२१ साली एकोणतीस देशांतील सहा हजार चारशेंहून अधिक माणसांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यात, देहाच्या आकारमानाचा हिशोब धरल्यास, विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो असे आढळले. तेव्हा आपल्या चाळिशीच्या पोटाचा दोष अग्नीला लावता येणार नाही. टांझानियातील हाड्झा लोक कंदमुळे खणून व शिकार करून राहतात, दिवसभर चालतात. त्यांचाही दिवसाचा एकूण खर्च शहरी माणसाहून फारसा वेगळा भरला नाही. देह चालण्यात खर्च करतो आणि अन्य खात्यांतून तो काढून घेतो. व्यायाम करूच नये, असा याचा अर्थ घेऊ नका. हृदय, स्नायू आणि रक्तशर्करा यांसाठी तो अमोल आहे. केवळ चालून पोट उतरेल ही आशा मात्र पुष्कळदा फोल ठरते.

अलीकडे जी नवी टोचणी निघाली आहेत त्यांविषयी येथे अनेकांनी मला विचारले. अन्न आतड्यात उतरले की तेथून एक संप्रेरक निघते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते आणि मेंदूला तृप्ती कळविते. ते रक्तात दोनच मिनिटे टिकते. अमेरिकेच्या वाळवंटातील एका विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्याशी साम्य असलेला, पण टिकाऊ पदार्थ सापडला, आणि २००५ साली त्यापासून मधुमेहाचे पहिले औषध आले. सेमाग्लुटाइड हे त्याच मार्गातील. २०२१ साली अमेरिकेत वजनासाठी त्याला मान्यता मिळाली आणि २०२५ साली ते त्या कामासाठी आपल्याकडे विक्रीस आले. औषध खरे आहे, गुण येतो. परंतु ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. मुनीम पुन्हा आपली जुनी खतावणी उघडतो. वैद्याच्या देखरेखीवाचून, लग्नाच्या मुहूर्तापूर्वी बारीक दिसण्यासाठी, ही टोचणी घेऊ नयेत, एवढे मी निक्षून सांगतो.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे वळतो. आतापर्यंतची कथा परदेशातील; पुढची पुण्याची आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. यंत्राने मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या देहात तो शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ निघाला! तराजूला दोघे सारखे. आत एकात स्नायू, दुसऱ्यात मेद. आपल्यापैकी जे बारीक अंगकाठीचे, ‘मला कसला मधुमेह होतो’ असे म्हणणारे आहेत, त्यांनी हा आकडा घरी जाऊन पुन्हा एकदा आठवावा. म्हणूनच आपल्या देशातील तज्ज्ञांनी २३ च्या वर वजन अधिक आणि २५ च्या वर लठ्ठपणा, अशी युरोपीयांहून खालची रेघ ओढली आहे. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा. भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली दिला आहे.

हा छुपा मेद येतो कोठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्यांना दिवस जाण्यापूर्वीपासून, अभ्यास केला. आया सरासरीने १५२ सेंटीमीटर उंच आणि ४२ किलो वजनाच्या. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आठशे ग्रॅम कमी, ते कशात? स्नायूंत कमी, पोटातील अवयवांत कमी. चामडीखालच्या मेदात मात्र जवळजवळ कमी नाही. जन्मतःच कृश आणि जन्मतःच मेदयुक्त! नाळेतल्या रक्तातील इन्सुलिनही इंग्रज बाळांहून अधिक. गर्भाशयात अन्न तोकडे पडले तेव्हा देहाने मेंदू राखला, मेद राखला आणि स्नायूंवर काटकसर केली, असा याचा अर्थ लावला जातो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्यात असलेली मुले एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीस आली तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा अधिक आढळला होता. मुनिमाची पहिली खतावणी जन्मापूर्वीच लिहिली जाते.

पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती ऐकून मी प्रथम चकित झालो. आईने एकंदर किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली यावर बाळाचे आकारमान अवलंबून दिसले नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात वारंवार होते त्यांची बाळे मोठी निघाली. आणि ज्या गरोदर स्त्रियांवर शेतकामाचा, पाणी वाहण्याचा भार अधिक त्यांची बाळे लहान निघाली. मेथीची जुडी आणि विहिरीवरची घागर, ही दोन्ही त्या बाळाच्या स्नायूंच्या हिशोबात लिहिली गेली होती.

माझ्यासमोर आपल्या महिला शाखेकडून आलेली एक चिठ्ठी आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. भगिनी लिहितात : ‘सातव्या महिन्यानंतर सुनेने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि बाळंतपण सुखरूप होते, असे घरातील वडीलधारी सांगतात, ते खरे काय?’ ते खरे नाही. मूल लहान राहील, पण कशात लहान राहील ते मी आत्ताच सांगितले. सुनेने रोज एक वाटी पालेभाजी, एखादे ऋतूचे फळ आणि दूध वा दही घ्यावे. आपल्याकडील पुष्कळ घरांत शाकाहार कडक आहे, आणि ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते; ते दूध, अंडी, मासे, मांस यांतच मिळते. त्या खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ते अपुरे होते, आणि ज्यांच्यात ते अपुरे व फॉलिक आम्ल मात्र भरपूर होते त्यांच्या मुलांच्या देहावर सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम कमी होताना दिसला. तेव्हा केवळ फॉलिकच्या गोळीवर विसंबू नये. वैद्यास विचारून ब-१२ तपासून घ्यावे, आणि ते दिवस जाण्यापूर्वी झाले तर अधिक चांगले. २०१२ पासून त्याच खेड्यांतील वयात येणाऱ्या मुलामुलींना, म्हणजे त्या पहिल्या बाळांनाच, ब-१२ देऊन त्यांच्या पुढील पिढीची बाळे कशी निपजतात हे पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. राहिला कामाचा प्रश्न. शेवटच्या तीन महिन्यांत सुनेच्या हातची घागर घरातील दुसऱ्या कोणी तरी उचलावी. आणि आज पंगत बसेल तेव्हा, ज्या लेकी-सुना दोन जिवांच्या आहेत त्यांना पुरुषांच्या पहिल्या पंगतीबरोबरच पाने मांडावीत, अशी विनंती मी व्यवस्थापक मंडळींना सकाळीच केली होती. त्यांनी ती मान्य केल्याचे मला आत्ता खुणेने कळविले आहे.